नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्ती

रेझ्युमे जवळपास तयार झालेला. वर्गातल्या डोंबिवलीच्या एका मुलीने तिचा पाठवलेला, मी त्यातलं तिचं पुसून माझं भरत गेले. मार्क, टॅलीचा कोर्स, येणाऱ्या भाषा. तिच्या छंदांमध्ये ट्रेकिंग होतं, तिथे मी वाचन लिहिलं. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसला अकाउंट्ससाठी इंटर्न हवी होती. त्यांची एकच अट होती : रेझ्युमेच्या शेवटी तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि फोन नंबर हवेत, नातेवाईक नकोत.

तिथे मी अडले.

कॉलेजचं पहिलं वर्ष लॉकडाऊनमुळे गुहागरजवळच्या आमच्या गावातूनच, मोबाइलवर गेलेलं. दुसऱ्या वर्षाला ठाण्यात आले तेव्हा सगळ्यांचे ग्रुप ठरून गेलेले. कुणी वाईट वागलं नाही. फक्त कँटीनमध्ये बसायला माझ्यासाठी कुणी जागा धरायचं नाही.

अकाउंट्सच्या सरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू आपल्याच वर्गात आहेस ना?"

"हो सर. पहिल्या वर्षी ऑनलाइन होते."

"कॅमेरा बंद असायचा का तुझा?"

"रेंज नसायची, सर."

"घाल माझं नाव, काही हरकत नाही," ते म्हणाले. सर खरंच चांगले होते. "पण त्यांनी फोन केला तर तुझ्याबद्दल काय सांगू, तेवढं मला सांगून ठेव."

मी नंतर सांगते म्हणाले आणि जिना उतरले. त्यांचं नाव घातलं, पण पुन्हा सांगायला काही गेले नाही.

उरल्या वर्तकनगरातल्या घरमालकीण काकू. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. आतली खोली मला दिलेली. संध्याकाळी त्या भाजी निवडत बसलेल्या, तेव्हा विचारलं.

"मी तुला ओळखते असं लिहिणार?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिझर आठवणीने बंद करतेस, चपला जागेवर ठेवतेस. याहून मला काय ठाऊक आहे गं तुझं?"

बरोबर होतं ते. मी आत जायला वळले.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं?"

मी सांगितलं. बाबा फेरीबोटीवर कामाला, आई अंगणवाडीत, भाऊ बारावीला. आईला माझ्या शिकण्याची किती हौस, तेही सांगितलं. ठाण्यात आल्यापासून इतकं मी कुणाशीच बोलले नव्हते, आवाज मधेच चिरकायला लागला.

"वर्ष होत आलं. कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

तोंडातून निघूनच गेलं. त्या गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. मग रेझ्युमे वाचायला मागितला. स्वतःच्या नावापुढे 'घरमालकीण' पाहून म्हणाल्या, "हे नको. परिचित लिही."

इंटरव्ह्यू होईपर्यंत काकूंनी फोन नजरेआड होऊ दिला नाही. ओट्यावर पोळ्या लाटतानाही तो शेजारी. अनोळखी नंबर आला की गॅस बारीक करून, घसा साफ करून उचलायच्या. लोनवाल्यांचाच निघायचा.

इंटरव्ह्यू म्हणजे पाचेक मिनिटं. त्या माणसाने माझ्या कागदाची वरची बाजू तेवढी बघितली.

"टॅली येतं?"

"येतं."

"सोमवारपासून या."

घरी येऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगं पण मला फोन नाही आला."

"त्यांनी कुणालाच केला नाही, काकू. तशीच घेतली मला."

"बरं झालं." त्या आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी ठरवून ठेवलं होतं गं, काय सांगायचं ते."

"काय सांगणार होतात?"

"आता काय उपयोग त्याचा," त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

इंटर्नशिपमध्ये काम शिकले. डबा मात्र बहुतेक दिवस एकटीनेच खाल्ला. परीक्षा झाल्यावर शहाडला दोन मुलींसोबत खोली मिळाली म्हणून काकूंकडची सोडली. बॅगा रिक्षात ठेवायला त्या खाली उतरल्या. "पोचलीस की फोन कर," म्हणाल्या.

केला.

"पोचलीस ना? बरं."

"हो काकू."

त्यांच्याकडचा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. फोन बराच वेळ कुणीच ठेवला नाही.