मधली नळी

माझी आत्या एकतीस वर्षं परागकण मोजत होती. घरी आलेल्या कुणी विचारलं की या काय करतात, तर बाबा म्हणायचे, "ताई धूळ मोजते. झाडत नाही हं, नुसती मोजते." आत्या हसायची, पण मग त्या पाहुण्याला धरून बसवायची आणि सगळं समजावून सांगायची. फुलांतली पिवळी भुकटी वाऱ्याने उडते, तळ्यात पडते, गाळात दबते. तिचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षं कुजत नाही. तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळ काढायचा, आम्लात उकळून धुवायचा आणि उरलेले कण मोजायचे. कुठल्या थरात झाडांचे किती आणि गवताचे किती, त्यावरून तेव्हा तिथे रान होतं की माळ, पाऊस भरपूर होता की तुटपुंजा, हे कळतं. एवढं सांगून होईतो पाहुण्याचा चहा गार झालेला असायचा.

लग्न तिने केलं नाही. आमच्याच घरी जिन्यालगतच्या खोलीत राहायची. सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जायची आणि तिथे दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. बाहेरचे ताजे पराग आत येऊ नयेत म्हणून खिडक्या कायम बंद. पंखाही नाही, नाहीतर भुकटी उडायची. डाव्या हाताखाली बटणांचं मोजणीयंत्र, प्रत्येक झाडाला एक बटण. एका काचपट्टीवर निदान तीनशे कण मोजल्याशिवाय ती उठायची नाही. त्या बसण्याने तिचा डावा खांदा कायमचा उतरला होता. शिंप्याला ब्लाउजचं माप देताना ती आधीच सांगून टाकायची, "माप नीट घ्या, मी वाकडीच आहे."

तिला या कामात आणलं ते सरांनी. ते तिथले शास्त्रज्ञ आणि ती तेवीस वर्षांची नवखी मदतनीस. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते तिला एका डोंगराळ तळ्यावर घेऊन गेले. तराफ्यावर उभं राहून त्यांनी एकाखाली एक असा गाळ काढला, एकेक मीटरच्या तीन नळ्या. नळी वर आली की वरच्या टोकाला लाल टोपण आणि खालच्या टोकाला पांढरं, एवढंच आत्याचं काम होतं.

त्याच गाळावर सरांचं नाव झालं. वरच्या नळीत गवत फार, खालच्या नळीत झाडं फार, हे अपेक्षितच होतं. पण खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे पाहत गेलं, तर मधल्या नळीच्या सुरुवातीला झाडं एकाएकी निम्म्याने कमी होत होती, मग हळूहळू वाढत होती आणि नळी संपताच पुन्हा एकाएकी घटत होती. सरांनी मांडलं की पाऊस दोनदा अचानक दगा देऊन गेला आणि दोन्ही वेळा रान एका पिढीत वाळून गेलं. ते दोन अवर्षणकाळ पुढे पुस्तकांत गेले. सर निवृत्त झाले, थकले, त्यांच्या पत्नी वारल्या, मुलगा दूरदेशी राहिला. आत्या मात्र दर गुरुवारी काम आटोपून त्यांच्याकडे जायची आणि नवीन काय चाललंय ते सांगून यायची.

सरांच्या जागी आलेल्या मॅडमनी जुने गाळ पुन्हा तपासायला काढले. पूर्वी वय काढायला मूठभर गाळ लागायचा, म्हणून प्रत्येक नळीच्या मध्यावरचंच एक वय काढलेलं होतं. आता चिमूटभर पुरत असे. मॅडमनी मधल्या नळीच्या दोन्ही टोकांची वयं काढून आणली. लाल टोपणाकडचा गाळ जुना निघाला, पांढऱ्याकडचा नवा. नळी उलटी होती.

मॅडमनी आकडे फिरवून आलेख पुन्हा काढला. झाडं एकाएकी घटल्याच्या दोन्ही खाचा गेल्या आणि सरळ, संथ उतरती रेघ राहिली. रान अचानक कधी वाळलंच नव्हतं. ते दोन हजार वर्षं हळूहळू मागे हटत गेलं होतं. मॅडम म्हणाल्या, होतं असं, कुणाची चूक होती हे आता कोण सांगणार.

आत्याला ते ठाऊक होतं. त्या दिवशी ती दुपारीच घरी आली, आणि बाबांना व मला समोर बसवून जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. तराफा हलला तेव्हा मधली नळी टोपणं लावायच्या आधीच तिच्या हातून फळीवर घरंगळली होती. सर पुढची नळी ओढण्यात गुंतलेले, त्यातून चिडलेले. विचारायची लाज वाटली आणि तिने अंदाजाने टोपणं लावली. पुढे मोजताना झाडांच्या आकड्यांतल्या त्या उड्या बरोबर नळीच्या टोकांवरच पडताहेत हे पाहून तिला शंका आली होती. पण सर इतके खुश होते की तिची जीभ रेटली नाही. मग लेख आला, मग पुस्तक आलं, आणि बोलायची वेळ निघून गेली.

बाबा म्हणाले, सर आता अंथरुणाला खिळलेत, त्यांना कशाला सांगायचं. आत्या म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. खोलीत औषधांचा वास होता. उशाशी पुस्तकांची चळत होती. सरांनी नवा आलेख छातीवर धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "टोपणं तुम्ही लावली होती ना?"

"हो. अंदाजाने लावली, सर. आणि पहिल्या मोजणीपासून मला शंका होती."

"पहिल्या मोजणीपासून?"

"हो."

त्यांनी कागद खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "या तुम्ही आता," एवढं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढच्या गुरुवारी आत्या गेली तेव्हा त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनी दारातच सांगितलं की सर झोपलेत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात सर गेले. अंत्यविधीला आत्या सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि तशीच परतली.

दोन महिन्यांनी मॅडम घरी आल्या. सरांनी जायच्या आधी त्यांना बोलावून दुरुस्तीचा मजकूर सांगितला होता. तो आता छापून आला होता. इतक्या वर्षांच्या मोजणीने आत्याचे डोळे अधू झाले होते, म्हणून मी वाचून दाखवला. सरांनी म्हटलं होतं की मधली नळी उलटी मोजली गेली, दोन्ही अवर्षणकाळ घडलेलेच नाहीत, आणि उड्या नेमक्या नळीच्या टोकांवर पडत असताना मला संशय यायला हवा होता, म्हणून हा दोष माझा. आत्याचा उल्लेख कुठेच नव्हता. पहिल्या लेखात आभार मानताना तिचं नाव होतं, इथे तेही नव्हतं.

"हे त्यांनी कधी सांगितलं?" आत्याने विचारलं.

मॅडमनी आठवून तारीख सांगितली. गुरुवार होता. आत्या दुसऱ्यांदा दारातून परतली तो.

"म्हणजे जागे होते," ती म्हणाली.

मॅडम तिची समजूत घालू लागल्या की सरांनी तुम्हाला सांभाळून घेतलं, तुमच्यावर काही येऊ दिलं नाही. आत्याने मान हलवली आणि त्यांना चहा विचारला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "सांभाळलं असेल. नाहीतर नाव घ्यायचीसुद्धा इच्छा उरली नसेल. कसं कळायचं?"

तिने माझ्याच हाताने मॅडमना पत्र लिहून घेतलं. तराफ्यावर काय झालं, शंका कधी आली, गप्प का बसले, सगळं त्यात होतं. मॅडमनी ते छापलं नाही, त्या नळीच्या कागदपत्रांत लावून ठेवलं. वर्षभरात आत्या निवृत्त झाली. नंतरची पाच वर्षं तिने प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं नाही. पाहुण्यांना परागकणांची गोष्टही सांगितली नाही. बाबा जुनी थट्टा करायला जायचे आणि तिचा चेहरा पाहून मध्येच थांबायचे.