सुवर्णाच्या शहरातलं ऊन

"आक्का गेली," सुवर्णाचा भाऊ फोनवर म्हणाला. मी स्वारगेटला हिंजवडीच्या बसची वाट बघत उभी होते, सुवर्णाकडेच निघाले होते. "कुठे गेली? मी येतेय म्हणून सांगितलं होतं तिला." तो म्हणाला, "मॅडम, गेली ओ." सकाळीच आमचं बोलणं झालं होतं. आमच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या आभाळाचा रंग तिला बदलायचा होता. चाळिशीही न गाठलेल्या बाईचं हृदय चहा गाळता गाळता थांबतं, हे मला अजून खरं वाटत नाही. महिना उलटला, तरी तिला पाठवायचे म्हणून मी रस्त्यातले फोटो काढते आणि मग हात थबकतो.

आम्ही दोघी मिळून एक चित्रकादंबरी करत होतो, बऱ्याच वर्षांनंतरच्या पुण्याची. शब्द माझे, चित्रं तिची. माझ्या पहिल्या खर्ड्यात उडत्या गाड्या होत्या, बंदूकधारी यंत्रमानव होते, एक जुलमी सत्ताधीश होता. सुवर्णा चित्रकला रीतसर शिकलेली, पण वैतागली की थेट गावच्या बोलीत शिरायची. "हे कुठलं गाव हाय? हितं लोक कपडे कुठं वाळत घालत्यात?" मी हसले. ती हसली नाही, मला घरी घेऊन गेली. चारी बाजूंनी काचेच्या इमारती उठल्यामुळे त्यांच्या अंगणात ऊन येईनासं झालं होतं. उन्हाचा एक पट्टा तेवढा उरला होता, आणि तिची आई मिरच्यांची चादर ओढत त्याच्यामागे सरकत होती...

आमचं शहर आम्हाला तिथे सापडलं. ऊन फक्त वरच्या मजल्यांचं, खालच्यांना गच्चीवर पाळीपाळीनं मिळणारं. मग सुवर्णा प्रश्न विचारत सुटली. बाळंतिणीनं कुठे बसायचं? बुरशी भिंतीवर किती चढते? गोधड्यांना वास येतो तेव्हा लोक काय करतात? एकेका उत्तरासरशी माझं कथानक बदलत गेलं. सत्ताधीश तर गळूनच पडला. गच्चीच्या दाराला कुलूप लागल्यावर त्याचं काही कामच उरलं नाही.

प्रकाशकांना मात्र पुस्तक चालेल का याची धास्ती होती. "सुरुवातीला थोडी हाणामारी घ्या. वाचक घाबरला पाहिजे."

"घाबरंल की," म्हणत सुवर्णानं पहिलं पान पुढे सरकवलं. दोरीवर बाळाचं ओलं झबलं, खाली टपकणारं पाणी. पुढच्या चौकटीत तेच झबलं, तसंच टपकणारं. बाळ मात्र चालायला लागलेलं.

प्रकाशकांनी नकळत स्वतःच्या शर्टाची बाही चाचपून पाहिली.

परवा पुस्तकाची पहिली प्रत घेऊन मी तिच्या घरी गेले. आईंनी ती हातात घेतली, उघडली नाही. "तिच्या टेबलावर ठेवा," म्हणाल्या. खोलीत भर दुपारी टेबलावरचा दिवा चालू होता. मला वाटलं, चुकून राहिला असेल. मी बटणाकडे हात नेला.

"नगा," आई दारातून म्हणाल्या. "त्या सकाळी तिनंच लावलाय."

मी हात मागे घेतला...