उजव्या पायाचा बूट

कबनूरच्या रत्नाबाईंना आमची सगळी गल्ली अव्वा म्हणायची, कारण त्यांचा मुलगा अभिनंदन त्यांना अव्वा म्हणायचा. नवरा श्रीपाल मोटरसायकल घसरून गेले तेव्हा तो शाळेत होता. मग घरामागच्या शेडातले माग बाईंनीच चालवले. त्या खडखडाटात राहून त्यांचा आवाज इतका मोठा झालेला, की साधं ‘जेवलास का’ विचारलं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. पोराला त्यांनी कशाला म्हणून अडवलं नाही. फक्त गाडी चालवायची नाही, एवढंच. तोही ऐकायचा. सुताच्या व्यापाऱ्याकडं जायचं झालं तरी एसटीनं जायचा.

यशराज हा त्याचा कॉलेजातला दोस्त. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, फुटबॉल खेळणारा. गेल्या थंडीत तो कबनूरला मुक्कामाला आला आणि सकाळी मॅचसाठी दोघं त्याच्या मोटारीतून कोल्हापूरला निघाले. बाई दारात उभ्या होत्या. स्टेअरिंगवर यशराज होता, हे त्यांनी बघितलं. हातकणंगल्याच्या पुढं दाट धुक्यात उसाची ट्रॉली चाक निखळून रस्त्यातच उभी होती. मोटार मागून तिच्यात घुसली. पट्टा दोघांनीही लावला नव्हता. लोकांनी धावत येऊन त्यांना बाहेर ओढलं, पण कोण कुठं बसलेलं हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. अभिनंदन दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. यशराजचा डावा पाय गुडघ्यात मोडला.

शुद्धीवर आल्यावर यशराजनं पोलिसांना सांगितलं, गाडी अभिनंदन चालवत होता. हे कानावर आलं तशा बाई दवाखान्यात गेल्या.

“माझ्या डोळ्यानं बघितलंय म्या,” त्या म्हणाल्या. “मेलेलं पोर बोलायला येत न्हाई म्हणून त्याच्यावर ढकलतोस व्हय?”

यशराजनं भिंतीकडं तोंड फिरवलं. नंतर तो त्यांना काही सांगायला आला नाही, आणि बाईंनी गल्लीत प्रत्येकाला सांगितलं की ते पोरगं खोटारडं आहे. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या.

शेवटी पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेची माणसं आली. ठाण्याच्या आवारात ती चेपलेली मोटार पडून होती. तिच्याभोवती तीन पायांच्या स्टँडवरचं एक यंत्र फिरवून त्यांनी ती आतून बाहेरून मोजून घेतली. त्यातल्या संयोगितामॅडमनी बाईंकडं मुलाचे त्या दिवशीचे कपडे मागितले. दवाखान्यानं दिलेली पिशवी बाईंनी कपाटात तशीच ठेवली होती. त्यात शर्ट होता आणि उजव्या पायाचा बूट. डावा सापडलाच नव्हता. आपल्या पोरावरचा आळ यानंच निघेल, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं पिशवी दिली.

उन्हाळ्यात त्यांना ठाण्यात बोलावलं. माझा भाऊ सोबत गेलेला. मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. पडद्यावर मोटार होती, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारी, आणि आत दोन करडी माणसं, नाक-डोळे नसलेली. चालकाच्या शेजारचा, डाव्या बाजूचा डॅशबोर्ड जिथं आत दबलेला, तिथं यशराजच्या मोडलेल्या गुडघ्याचं स्कॅन बरोबर बसत होतं. मग मॅडमनी बुटाचा तळ दाखवला. त्यात आडव्या रेघा खोल रुतल्या होत्या. ब्रेकच्या पेडलवरचं रबर त्यांनी त्यावर आणून ठेवलं, आणि रेघेत रेघ बसली.

बाईंनी पडद्यावरच्या त्या रेघांवरनं बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे त्याला ट्रॉली दिसलती?”

मॅडम लॅपटॉप मिटायला लागल्या. बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “त्यानं पाय पूर्ण जोर लावून दाबला होता. धडक बसली तेव्हाही तो ब्रेकवरच होता.”

भाऊ सांगतो, बाई तिथं रडल्या नाहीत. बूट परत कधी मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं. धोक्याची खूण न लावता ट्रॉली रस्त्यात सोडली म्हणून खटला आता ट्रॉलीवाल्यावर चालणार होता. तो संपेपर्यंत मिळणार नाही, असं कळलं.

तिथनं त्या थेट शिवाजी पेठेत गेल्या. यशराज वडिलांच्या दुकानात बसलेला, काठी खुर्चीला टेकवलेली. खेळणं कायमचं सुटलं होतं. बाईंना बघून तो उठायला लागला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

“तू खरं बोलत हुतास,” त्या म्हणाल्या. “म्या तुला नको ते बोलले.”

“गाडी मीच दिली की त्याला, अव्वा,” यशराज म्हणाला. “लई दिवस मागं लागलाता. म्हटलं, मोकळा रस्ता हाय, थोडं चालवू दे.”

“चालवताना काय बोलत हुता?”

यशराजनं काठी हातात घेतली आणि परत खुर्चीला टेकवली.

“हसत हुता. अव्वाला सांगू नको म्हणाला.”

दुसऱ्या दिवशी बाई शेडात गेल्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन त्या गल्लीत निघाल्या आणि ज्या ज्या घरात यशराजला खोटारडं म्हटलं होतं, तिथं तिथं जाऊन म्हणाल्या, पोरगं खरं बोलत होतं, गाडी अभिनंदनच चालवत होता. आमच्या दारातही आल्या. आईनं पाट मांडला, दोन घोट चहा घ्या म्हणाली. पण त्या बसल्या नाहीत. पुढची घरं राहिली होती.