मागचे शॉकअप

गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबायचा आणि सोडून द्यायचा. शॉकअप चांगले असतील तर गाडी एकदाच वर येते आणि गप्प बसते. मेलेले असतील तर वर-खाली, वर-खाली करत राहते. ही परीक्षा बाबांनी मला मी सातवीत असताना शिकवली. गेलं वर्षभर मी ती त्यांच्याच गाडीवर करत होते. पुण्याहून पोलादपूरला घरी आले की चपला काढायच्या आधी पडवीत जायचे, ताडपत्री उचलायचे आणि मागचा उजवा कोपरा दाबायचे. निकाल मला पाठ होता. गाडी सहा-सात वेळा मान हलवायची.

मान हलवायची असंच मी म्हणते. बाबा फोनवर बोलताना अशीच मान हलवायचे, हो हो हो करत. आई म्हणायची, फोनला काय दिसतंय तुमचं डोकं!

बाबांनी तीस वर्षं मुंबईत एका शेठच्या गाड्या सांभाळल्या. शेठ वारले, मुलं परदेशात. गॅरेजातली ही जुनी स्पोर्ट्स कार, दोन दारांची, दोनच माणसांची, लाल, बाबांशिवाय कोणाच्या हातून सुरूच व्हायची नाही, म्हणून मुलांनी ती बाबांनाच देऊन टाकली. बाबा ती चालवत गावी आले तेव्हा लोकांनी आधी नारळ फोडला आणि मग विचारलं, यात भाताची पोती किती मावतात? आमच्याकडे गाडीला पहिला प्रश्न हाच. बाबा हसून म्हणाले, "एकपन नाय." मग दर शनिवारी सकाळी ते आंबेनळी घाट चढून वर जायचे, टपरीवर एक चहा घ्यायचे आणि खाली यायचे. त्या गाडीचा एवढाच उपयोग, आणि माझ्या मते तो पुरेसा होता.

मग एकदा त्यांचा फोन आला. "मागनं उडते गो गाडी. शॉकअप गेलं. तू तिकडं पुन्यात बघ, तुला त्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं."

मी बघायला लागले. मी पाव किलो भेंडी निवडायला अर्धा तास लावणारी बाई, त्यात हे प्रकरण सोपं नव्हतं. त्या गाडीला आजच्यासारखे लांब नळीचे शॉकअप नाहीत. मुठीएवढी लोखंडी डबी, तिच्या आत तेल, आणि डबीतून बाहेर आलेला एक लोखंडी हात. नव्या मिळत नाहीत. पुण्यातले एक वयस्कर गृहस्थ जुन्या डब्या उघडून नीट करून देतात, असं कळलं. दुसरा मार्ग म्हणजे परदेशातून नळीचे मागवायचे, कडक-मऊ करता येणारे, पण त्यासाठी गाडीच्या सांगाड्याला पट्ट्या वेल्डिंग कराव्या लागणार. मूळ गाडीला डाग लागेल का? घाटात काय बरं? तेल घट्ट की पातळ? मी ऑफिसात तक्ता बनवला, रंग दिले. नेटवर अनोळखी माणसांशी रात्र-रात्र वाद घातले. चार महिने गेले. बाबा दर रविवारी विचारायचे, मी म्हणायचे, बघतेय. ते म्हणायचे, "घाई नाय. नीट बघून घे."

आणि एका रविवारी मी शहाणपणा केला. आमच्या भागात रिकामा टेम्पो घाटात मागून उडायला लागला की ड्रायव्हर हौद्यात वाळूचं पोतं किंवा दगड टाकतात. लहानपणापासून बघितलेलं. मी म्हटलं, "बाबा, तोवर डिकीत काहीतरी जड ठेवा ना." पलीकडे ते मान हलवत असणार. त्यांना कळत नव्हतं असं नाही. मेलेल्या शॉकअपवर वजन टाकलं की सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी वागते आणि वळणावर तेच वजन तिला बाहेर ओढतं, हे मीही नंतर वाचलं. त्यांनी तर तीस वर्षं गाड्याच सांभाळल्या होत्या. पण लेकीने सांगितलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी घाट उतरताना एका वळणावर गाडी मागून फिरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन टेकली. एक दिवा फुटला, मडगार्ड चेपलं, बाकी काही नाही. मागून आलेल्या दूधवाल्याने बघितलं तेव्हा बाबांचं डोकं स्टिअरिंगवर होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, आधी हृदय की आधी गाडी? त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि चष्मा पुसला.

डिकीत जात्याचा खालचा दगड निघाला, गोणपाटात नीट गुंडाळलेला. मी तो बघितला आणि डिकी बंद केली. आईला मी काय बोलले होते ते सांगितलं नाही. वर्षभर ना दगड काढला, ना गाडी हलवली. फक्त कोपरा दाबायचे आणि मनातल्या मनात विचारायचे, बाबा, माझ्यामुळे का? गाडी हो हो हो करायची. मी शिकलेली बाई आहे, मला स्प्रिंग म्हणजे काय ते माहीत आहे. तरी मला भीती वाटायची, आणि तरी मी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे.

वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली, "एक तर ती चालव, नायतर वीक. पडवीत मढं झाकून ठेवल्यागत नको मला." म्हणून मी गाडी टेम्पोवर चढवून बिरवाडीला नेली. तिथे कंपन्यांच्या बसगाड्या दुरुस्त करणारे एक फिटर बाबांच्या ओळखीचे. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि सवयीने विचारलं, "लोड किती टाकनार?" मग स्वतःच ओशाळले.

मी म्हटलं, मागच्या दोन्ही डब्या काढून माझ्यासमोर उघडा. मला बघायचं होतं. डावीतून चमचाभर काळं तेल आलं. उजवी ठणठणीत कोरडी होती, आतला धातू झिजून चकाकत होता. मी म्हटलं, "म्हणजे घाटात गेली तेव्हाही अशीच होती?"

"तशीच व्हती," फिटर म्हणाले. ते डबीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "ताई, मी सांगनार नव्हतो. तुझे बाबा आदल्या आठवड्यात हितंच आलेले. मी म्हटलं, सील बदलतो, घट्ट तेल भरतो, दोन तासांचं काम हाय. वर्षभर चालंल. तर नको म्हणाले. म्हणाले, माझी पोर निवडतेय. तिनं निवडलेलंच लावायचं. तिच्या अगोदर मी दुसरंच काय लावलं तर तिला वाईट वाटंल."

त्या शेडमध्ये कंप्रेसर चालू होता, बसचं चाक ठोकणं चालू होतं. मी डबी हातात धरून उभी राहिले आणि मोठ्याने रडले. चाक ठोकणारा थांबला. फिटरांनी एक बादली उलटी करून मला बसायला दिली आणि चहा सांगितला.

चार महिन्यांत जे झालं नाही ते मी त्या बादलीवर बसून चहा संपायच्या आत ठरवलं. नळी नको, वेल्डिंग नको. त्याच डब्या, नीट करून. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याच्या गृहस्थांना नेऊन दिल्या. तेल किती घट्ट घालायचं ते ठरवायला त्यांनी विचारलं, गाडीत साधारण किती माणसं असतात? माझ्या तोंडून "दोन" निघालं. मी ते दुरुस्त केलं नाही.

तीन आठवड्यांनी फिटरांनी डब्या बसवल्या आणि मी गाडी स्वतः चालवत घरी आणली. बिरवाडीचा फाटा गेला, सावित्रीवरचा पूल गेला, महामार्गाच्या खड्ड्यांवर मागची चाकं नुसती दबून पुढे जात होती. शेजारच्या सीटकडे मी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं ते मला माहीत नाही.

आई अंगणात उभी होती. तिने डिकी उघडायला लावली. दगड अजून तिथेच होता, फिटरांनीही हात लावला नव्हता. मग मी तिला सांगितलं. वजन ठेवा असं मीच म्हटलं होतं, हे सांगितलं. बिरवाडीचंही सांगितलं.

आई जराही दचकली नाही. "मला म्हाइत हाय गो," ती म्हणाली. "फोनच्या बाजूलाच बसलेली मी. हे म्हणाले, पोर सांगते, काय ठेवू? जातं मोडलेलंच व्हतं. हा दगड मीच उचलून दिला." ती गोणपाटाची एक बाजू धरून थांबली. "वरीस झालं, मीपन तुला सांगितलं नाय."

आम्ही दोघींनी मिळून तो दगड बाहेर काढला आणि पायरीखाली ठेवला. फार जड होता. आई हात धुवायला आत गेली.

मी गाडीच्या मागे गेले. उजव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, दाबलं आणि नेहमीचा प्रश्न विचारून हात काढले. गाडी एकदा वर आली आणि थांबली. मी पुन्हा दाबलं, जास्त जोराने. एकदाच वर, आणि गप्प. आतून आईने हाक मारली, चहा झाला म्हणून. मी तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं. काम अगदी चोख झालं होतं. बाबा आता कशालाच हो म्हणणार नव्हते.