ताईची नाही म्हणायची परीक्षा

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझ्या थोरल्या नणंदेइतकी तोंडाची तिखट बाई कोणी दाखवून द्यावी, आणि त्याच टापूत तिच्या दारातून रिकाम्या हातानं परत गेलेला एक तरी माणूस शोधून द्यावा. शोधणाऱ्याला मी स्वखर्चानं शालश्रीफळ देईन. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला साधी सुई मागितली होती. त्यावर "तुह्या माहेरी सुया उगवत नाई काय वं?" इथून सुरुवात करून तिनं माझं वळण, माझं शिक्षण आणि माझ्या पदराची उसवलेली कड या सगळ्यांचा समाचार घेतला. मी रडायच्या बेताला आले होते. पण बोलता बोलताच तिनं सुई आणली, मग दोऱ्याची रिळं आणली, मग कात्री, आणि तोंड थांबलं तेव्हा तिचं शिलाई मशीन माझ्या खोलीत येऊन बसलेलं होतं. ते अजून माझ्याकडेच आहे. परत नेते का म्हणून एकदा विचारलं, तर त्यावरूनही मला बोलणी बसली.

ताईनं लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची छाती आमच्या घरात कुणाची झाली नाही. अमरावतीत साईनगरात तिचं लहानसं घर आहे आणि एक स्कूटी आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात ती गल्लीची आहे. कुणाला दळण आणायचं असतं, कुणाला मुलीला क्लासला सोडायचं असतं, आणि ताई स्वतः ऑटोनं फिरते. एकदा आम्ही दोघी ऑटोत बसून राजकमल चौकातून जात असताना तिचीच स्कूटी भर्रकन आम्हाला ओलांडून गेली. वर बसलेल्या मुलीनं हात केला, ताईनंही केला, आणि मग घरापर्यंत त्या मुलीच्या गाडी चालवण्याला नावं ठेवली. भाजी घेताना ती सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून भाजीवालीशी असं भांडते की रस्त्यावरचे लोक थांबून बघतात, आणि ऊन चढलं, आता ही बाई घरी कधी जाणार, म्हणून उरलेली टोपली उचलून आणते. तिच्या ओळखीच्या माणसांकडे त्या दिवशी फुकटची भाजी पोचते, सोबत शिव्याही पोचतात.

हाच कारभार तिनं नांदगाव पेठेच्या कापडाच्या कंपनीत चालवला होता. तिथं ती टायपिस्ट म्हणून लागली. पुढे ऑफिसचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जे कुणाला नको होतं ते तिनं अंगावर घेतलं आणि रात्रंदिवस खपून शिकून घेतलं. कुणाचं लॉगिन, कुणाचा पासवर्ड, कुणाला कोणती फाइल उघडता यावी, हे सगळं ताईच्या हातात आलं. अॅडमिन म्हणतात त्याला. या कामाचा तिला फार अभिमान. तिच्या टेबलापाशी दिवसभर रांग असायची. "ताई, मले ती फाइल दिसून नाई राह्यली," असं म्हणत कुणी आला की "मंग चश्मा घे" असं सांगून ती त्याला ती फाइल, तिच्या शेजारची फाइल आणि पुन्हा विचारायला येऊ नये म्हणून अख्खं कपाटच उघडून द्यायची. परिणामी त्या कंपनीत गेटवरच्या माणसाला साहेबांच्या मीटिंगा दिसत आणि कँटीनवाल्याला सुताची खरेदी. आश्चर्य म्हणजे त्यातून कधी काही बिघडलं नाही, कारण सगळे तिला भीत.

मग मुख्य कचेरीतून हुकूम आला. अॅडमिन राहायचं असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांची ऑनलाइन परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर ते काम मुख्य कचेरी आपल्याकडे घेईल आणि ताईनं माल रवानगीच्या विभागात चिठ्ठ्या फाडत बसायचं. संधी दोन. पहिल्या संधीला ताई सपशेल नापास झाली. मला आधी खरंच वाटेना, कारण तिला त्यातलं सगळं येत होतं. प्रश्न काय आले होते ते विचारलं तेव्हा उलगडा झाला. एका कर्मचाऱ्याला एकच अहवाल वाचायचा आहे, त्याला कोणते अधिकार द्याल? परीक्षेच्या मते फक्त तो अहवाल, फक्त वाचायला, काम संपलं की तेही काढून घ्यायचं. ताईनं प्रत्येक ठिकाणी भरभरून दिलं होतं. "एवढुसं देऊन कोणाले वाटे लावते काय कोणी?" ती मला म्हणाली. "भिकाऱ्यालेही असं नाई देत मी."

मी अकोल्याला शाळेत शिकवते, त्यामुळे परीक्षा म्हटली की मला चेव येतो. मी तिची रोज फोनवर शिकवणी घ्यायला लागले. पुस्तकातलं तिला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी तिला फक्त नाही म्हणायला शिकवत होते. मी काहीतरी मागायचं आणि तिनं नकार द्यायचा. पहिल्या दिवशी मी तिचा मोठा कुकर मागितला. ती कशीबशी "नाई देत" म्हणाली. मी तिला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप पाठवला की तुमचा कुकर आलाय, घेऊन जा. शिट्टीत चिठ्ठी खोचलेली होती: "रातभर झोप नाई आली." अशा रीतीनं शिकवणी पुढे सरकली आणि माझं स्वयंपाकघर भरत गेलं. शेवटच्या आठवड्यात मात्र खरोखरच काही आलं नाही, आणि मी समाधानानं रजा टाकून अमरावतीला गेले.

ही परीक्षा घरी बसून द्यायची असते, पण घर घरासारखं ठेवायचं नसतं. दार बंद, टेबल रिकामं, खोलीत दुसरं माणूस नको, ओठ हलवायचे नाहीत, नजर पडद्यावरून काढायची नाही. कुठंतरी बसलेला एक निरीक्षक कॅमेऱ्यातून तुम्हाला बघत, ऐकत असतो आणि पडद्यावर लिहून सूचना देतो. एक चूक झाली की परीक्षा रद्द. परीक्षा सुरू व्हायच्या आधी, मी अजून आतच होते तेव्हा, त्यानं ताईला लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायला लावल्या. कॅलेंडर काढा म्हणाला. काढलं तर मागे पोपडे निघालेली भिंत. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी सांगितलं असतं तर पुट्टी भरून घेतली असती, असं ती माझ्याजवळ पुटपुटली. मग टेबलाखालचं दाखवा म्हणाला. तिथं कुणीतरी ठेवायला दिलेला मिक्सर होता, तो मी बाहेर नेला. एवढं होऊनही तिनं त्याला इंग्रजीत लिहून विचारलंच, जेवण झालं का. त्यानं कृपया थांबा असं उत्तर दिलं. बिचारा उपाशी दिसतो, म्हणत तिनं मला बाहेर काढून कडी लावली.

आमच्याकडे भरदिवसा दार बंद दिसलं की आत कुणीतरी आजारी आहे किंवा त्याहून काही वाईट आहे, असं धरून चालतात. त्यातून ताईचं दार. मी ओट्यावर बसते न बसते तोच गल्ली जमली. मी शाळेतल्यासारखं ओठांवर बोट ठेवून एकेकाला हळू आवाजात परीक्षा समजावून सांगत होते. समोरच्या काकू दहीसाखर घेऊन आल्या आणि निदान खिडकीतून तरी भरवू द्या म्हणून अडून बसल्या. सगळ्यांना मी थोपवलं. मागची खिडकी मात्र माझ्या डोक्यातच आली नाही.

मागच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. एकटेच असतात. ताई सुट्टीला घरी असली की दुपारी ते मागच्या खिडकीशी येऊन स्कूटीची चाबी मागतात, ताई त्यांना या वयात गाडी चालवण्यावरून फैलावर घेते आणि चाबी देते. त्या दिवशीही ते आले. ताई नंतर सांगत होती, ते हाताच्या अंतरावर उभे होते आणि ती त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. "बाई, चाबी देता का?" त्यांनी विचारलं. पडद्यावर निरीक्षकानं लगेच लिहिलं, खोलीत कुणी आहे का? ताईनं कॅमेऱ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. गुरुजींनी ती मान आपल्यासाठीच समजली. "बरं, बरं," म्हणाले आणि गेले. त्यांच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात वर केला तर तेवढ्यावरूनही परीक्षा रद्द करतील या भीतीनं ती तशीच एकेक प्रश्न सोडवत बसली. या वेळी तिनं कुणालाही काही जास्तीचं दिलं नाही.

दार उघडलं तेव्हा गल्लीनं श्वास रोखला होता. "पास झाली मी," ती म्हणाली, आणि चपला शोधायला लागली. लोक पेढ्यांचं बोलत होते, ती चाबी घेऊन थेट गुरुजींकडे निघाली; मी मागे. तिनं दारातूनच त्यांना धारेवर धरलं, परीक्षेच्या टायमाले कावून आले, का आले म्हणून. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि चाबी घेतलीच नाही.

"गाडीचं कुठी काम राह्यते मले?" ते म्हणाले. "तुमी चार शब्द बोलता, म्हणून येतो."

ताई चाबी मुठीत घेऊन घरी परत आली.

आता ताई सर्टिफिकेटवाली अॅडमिन आहे. काम राहिलं, पगारही वाढला. कंपनीत सगळं नियमानं चालतं: ज्याला काही हवं त्यानं कॉम्प्युटरवरच अर्ज टाकायचा, ताई बघून लागतं तेवढंच मंजूर करते. कुणी तिच्या टेबलापाशी येत नाही, यायची गरजच नाही. जेवणाच्या सुट्टीत हल्ली ती मला फोन करते. विशेष काही बोलायचं नसतं. परवा असंच इकडचं तिकडचं झालं, मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "काई पायजे का वं तुले?"

मला खरं म्हणजे काही नको होतं. पण नाही म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, ताई, एक उलथनं पाठवता का? त्यावर तिनं अकोल्यात लोखंड संपलं काय इथपासून जे सुरू केलं, ते शाळेची घंटा होईपर्यंत मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले.