वस्तादांच्या रक्ताची परीक्षा
सगळे त्यांना वस्ताद म्हणत. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एक खुर्ची गिऱ्हाइकाची, दुसरी नुसत्या गप्पा ऐकायला आलेल्याची. "आपल्या हातून आजवर कुणाला ओरखडा नाही," असं ते सांगायचे आणि सांगता सांगताच समोरच्याच्या हनुवटीवर तुरटीचा खडा फिरवायचे.

रक्ताबद्दल त्यांची मतं ठाम होती. तापट माणसाचं पातळ, आळशाचं दाट. स्वतःचं? "आमचं म्हणजे डिंक. बाहेर आलं की चिकटलंच!"

एका दुपारी सलूनमागच्या विटांच्या ढिगावर वाळत टाकलेला टॉवेल घसरून फटीत पडला. वस्तादांनी हात घातला आणि "आई गं!" करून झटकन मागे घेतला. फटीत जेमतेम हातभर लांबीचा मातकट साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा करकरत होता. फुरसं! वस्तादांच्या मधल्या बोटावर रक्ताचे दोन ठिपके आले.

भीतीपेक्षा त्यांना अपमानच जास्त वाटला. चावायचंच तर एखाद्या भारदस्त नागाने चावावं, हे काय टिचभर! त्यांनी बोटावर तुरटी चोळली, फडकं गुंडाळलं आणि आत जाऊन गिऱ्हाइकाची राहिलेली अर्धी दाढी पुरी केली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा हात मनगटापर्यंत टम्म सुजला होता.

"काय झालं हाताला?" बायकोने विचारलं.

"मुंगळा चावला."

"मुंगळ्याने हाताचा भोपळा होतो होय?"

वस्तादांनी विषय टाळायला चूळ भरली, तर पाणी लालसर. हिरड्यांतून रक्त येत होतं. बोटावरचं फडकंही भिजून चिंब झालं होतं. त्यांनी हळूच खिशातला तुरटीचा खडा काढून हिरड्यांवर घासायला सुरुवात केली आणि सुजलेला हात, हिरड्यांतलं रक्त बघून बायकोने ताडलं, हे फुरसंच.

"तो खडा ठेवा खाली आणि चपला घाला. मुकाट्याने!"

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुपारी चावलं? मग आत्तापर्यंत काय करत होतात?"

"दाढी," बायको म्हणाली. "तीही दुसऱ्याची."

बाईंनी काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवली. वस्ताद पडल्या पडल्या नळीकडे बघत होते. "बघत राहा, आत्ता डिंक होईल." वेळ झाल्यावर बाईंनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं सरकन वाहत गेलं.

वस्तादांचा चेहरा पडला. "पातळ झालं?"

"तसं नाही. विषाने ते अंगभर, नको तिथे गोठायला लावलं. गोठायला जे सामान लागतं, ते सगळं बारीक बारीक गुठळ्या करण्यातच संपलं. आता खरी जखम बुजवायला काही शिल्लकच नाही. आणि भोक दिसलं की धावून जाऊन चिकटतात त्या प्लेटलेट, त्यांनाही विषाने नीट काम करू दिलेलं नाही."

"पण तुरटीने..."

"बोटाला लावाल. पोटात वाहायला लागलं तर? मेंदूत?"

यावर वस्ताद गप्प झाले. पार गप्प. बायको दटावण्यात पटाईत होती, पण या गप्प बसण्यापुढे तिचं काही चालेना. "बोला हो काहीतरी," ती म्हणाली आणि त्यांच्या उशाशी सरकली.

सलाईनमधून प्रतिविष सुरू झालं. बाईंनी बजावून ठेवलं, की औषध विषाला आवरेल, पण संपलेलं सामान यकृत नव्याने बनवणार आणि त्याला काही तास जाणार. तोवर दात घासायचे नाहीत, वस्तऱ्याला हात लावायचा नाही. बायको ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत बसली. मध्येच वस्ताद म्हणाले, "तू जेवलीस का?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारताय. विष बरंच चढलेलं दिसतंय."

पुढची नळी घेतली तेव्हाही रक्त वाहिलंच. प्रतिविष पुन्हा द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नळीत मात्र रक्त गोठलं होतं. बाईंनी नळी उलटी केली तरी थेंब हलला नाही.

"पुन्हा उलटी करा बरं," वस्ताद म्हणाले. बाईंनी केली. "नक्की आमचंच आहे ना?"

घरी आले, पण बोट आखडलेलंच राहिलं. वस्तरा धरवेना आणि गालांवर तर रान माजलेलं. शेवटी वस्ताद पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये गेले. तिथला कारागीर अबोल होता आणि याच एका कारणावरून त्याला काही येत नाही, असं वस्ताद गावभर सांगत आले होते. त्याने फेस केला, वस्तादांची मान हलकेच वळवली आणि सुजलेल्या हाताखाली एक उशी सरकवली. दाढी झाल्यावर पैसे घ्यायला नुसती मान हलवून नकार दिला.

घरी बायकोने चेहरा निरखून विचारलं, "कसा आहे हो हात त्याचा?"

"आहे. बरा आहे," वस्ताद पुटपुटले.

पुढचा महिनाभर वस्ताद आपल्या बंद दारापुढे स्टूल टाकून बसत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पलीकडच्या गल्लीची वाट दाखवत. अर्थात साप चावल्याची हकिगत पुरी ऐकल्याशिवाय मात्र कुणाची सुटका होत नसे.