चौकटीत न मावणारा वळीव

राधानगरीजवळच्या आमच्या गावातून मी अमेरिकेला निघालो, त्या मे महिन्यातल्या दुपारी एस.टी.च्या आधी वळीवच आला. मी पिशव्या घेऊन दारात, आणि आई कोयता घेऊन भर कडकडाटात अंगणात. विजा, गारा आल्या की अंगणात लोखंड टाकायचं, ढग दुसरीकडं वळतो, अशी आमच्याकडची रीत. लहानपणापासून मला विजेपेक्षा आईच्या त्या बाहेर जाण्याचीच भीती. नको जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "लोखंड टाकल्याबिगार ढग हलतोय व्हय? तू जा की बिनघोर."

बिनघोर कसला जातोय! त्यात पोटापाण्याला काम मिळालं तेही ढगांचंच.

हवामानाचं मॉडेल म्हणजे चौकटी पाडून संगणकात मांडलेली पृथ्वी. तिच्या एकेका चौकटीत कोल्हापूर, सांगली, सोलापूर सगळं मावायचं. गावाएवढा वळवाचा ढग मात्र तिला दिसायचाच नाही. तो कधी फुटणार, हे आम्ही अंदाजानं नियम लिहून ठरवायचो. मॉडेलातला पाऊस रोज भर बाराला, सगळीकडं सारखाच रिपरिपायचा. बाकीच्यांना ते चालत होतं. पण वळीव आधी दिवसभर जीव गुदमरवतो आणि मग चारच्या सुमाराला फुटतो, हे मी अंगावर घेतलेलं. म्हणून नियम बदलला: खाली पुरेशी ऊब आणि ओल साठेपर्यंत ढगाला वर सोडायचं नाही. संगणकाला द्यायची कार्डं पंच करून दिली. छापील कागद आले, तर आमच्या गावाकडच्या चौकटीत पाऊस चारला. सगळ्यांनी पाठ थोपटली, मी मात्र त्या चारच्या आकड्याकडं बघत राहिलो. चारला आई अंगणात असते.

ट्रंककॉल लावून थोरल्या भावाला पोस्टातल्या फोनवर बोलावलं. उघड्यावर वीज माणूस बघत नाही, आईला आवर, असं कळवळून सांगितलं. दादा म्हणाला,

"ऐकत न्हाय रं ती. तू गेल्यापास्नं दोन कोयते टाकती. एक हितला, एक तुझ्या घरावरच्या ढगासाठी. दोनदा जाती बाहीर."

नंतर मॉडेल सुधारत गेलं, माझी भीती मात्र तसूभर हलली नाही. गावाकडं मागं राहिलेले तुम्ही विचारता, आता घर कुठलं? इथं आभाळ भरून आलं की मी खिडक्या लावून चहा टाकतो. तिकडं वळीव गरजला की माझ्या वाटचा कोयता घेऊन आई पुन्हा अंगणात उतरते. ती परत उंबऱ्याच्या आत आली, तरच मला घर आहे.